पेनमेट्ट्याची उंची

"लिव. पानी नाई."

बाबा दारात उभे राहून सांगत होते आणि मी हजेरीपटावर पोस्टकार्ड ठेवून ओट्यावर बसले होते.

"लिवलं. पुढं?"

"रस्ता नाई. अस्वल हाय, वाघ हाय. पाहन्यासारखं काईच नाई. येऊ नोका."

"बाबा, झिऱ्याले बारा महिने पानी रायते. तुमीच त सांगता."

"तू मास्तरीन हायस का कलेक्टर? सांगतो ते लिव."

मी लिहिलं. फक्त त्यांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट लिहिलं. झिऱ्याला बारमाही पाणी आहे, वाट सोपी नाही पण आहे, माझे वडील स्वतः तुम्हाला वर नेतील, अवश्य या. खाली सही केली आणि कार्ड शाळेच्या वाटेवर पेटीत टाकून मोकळी झाले. माझा स्वभावच तसा. जन्म दीक्षेच्या वर्षातला. बाबा चांद्याला, म्हणजे आत्ताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चालत घरी आले तेव्हा मी एका महिन्याची होते. आई म्हणते, त्या गर्दीतला आवाज त्यांनी घरात आणला आणि तो माझ्या गळ्यात बसला.

पत्र आलं होतं नागपूरच्या एका गिरिभ्रमण मंडळाचं. मंडळाचे श्रीहरी बोकारे बँकेत नोकरीला होते. सुट्ट्यांमध्ये डोंगर चढायचे आणि प्रत्येक डोंगराची माहिती छापायची, असा त्यांचा छंद. पाणी कुठे, किती तास लागतात, पाहण्यासारखं काय, असे पंधरा प्रश्न त्यांनी विचारले होते. आमचा डोंगर त्यांना कळला तोही माझ्यामुळेच. नागपूरच्या एका पेपरात मी 'आमच्या गावचा डोंगर' म्हणून अर्धा स्तंभ लिहिला होता. लिहिला खरा, पण मी स्वतः झिऱ्याच्या वर कधी गेले नव्हते. लेखकांना एवढी मुभा असते.

राजुऱ्याहून जिवतीकडे जाताना डाव्या हाताला जी रांग लागते, तिच्यातला सगळ्यात उंच तो पेनमेट्टा. गोंडीत पेन म्हणजे देव आणि मेट्टा म्हणजे डोंगर. गावातून त्याचं एकच डोकं दिसतं, काळं आणि चपटं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं : 'पेनमेट्टा. उंची १८४२ फूट. मोजणी सन १९६२. मोजणीस सहाय्य : लटारू गोविंदा अलोणे, खलाशी.' हेडमास्तर म्हणाले होते, "बाई, बापाचं नाव भिंतीवर?" मी म्हटलं, "मंग कोनाचं लिवू, तुमचं?" ज्या शाळेच्या ओट्यावर माझ्या आज्याला, गोविंदाला, पाय ठेवू दिला नव्हता, त्याच शाळेच्या भिंतीवर त्याचं नाव मधोमध होतं. मी रोज सकाळी ते वाचूनच आत जात असे. खोटं कशाला बोलू, छाती फुगत असे.

बाबा मोजणीखात्यात खलाशी, म्हणजे साहेबांच्या हाताखालचे गडी. काम साधं होतं, पण नीट केलं तर अवघड. नकाशावाले साहेब पंधरा मैलांवरच्या दुसऱ्या डोंगरावर दुर्बीण लावून बसत. खलाशाने आपल्या डोंगराच्या टोकावर निशाणाची काठी रोवायची आणि ठरल्या वेळी आरशातून ऊन थेट साहेबाच्या दुर्बिणीत फेकायचं. आरसा केसभर हलला तर तिकडे उजेड फर्लांगभर सरकतो. बाबांचा हात हलत नसे. बावीस वर्षं त्यांनी किती डोंगरांवरून ऊन फेकलं त्याची गणती नाही, पण पहिला डोंगर पेनमेट्टा, आणि तो आपल्या गावचा. गावात कोणी उंचीचा विषय काढला की लोक म्हणत, "लटारूभाऊले विचारा, त्यायच्या हातचा आकडा हाय."

श्रीहरींचं दुसरं पत्र आलं : डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येतो, सातजण आहोत, लटारूभाऊंचा डोंगरावरच सत्कार करायचा आहे. मी ते वाचून दाखवलं आणि त्या दिवसापासून बाबांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

सकाळी उठून नाल्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. जेवायला बसले की अर्ध्यातून उठायचे. काठी तासायला घ्यायचे, ती तासून तासून बारीक व्हायची, मग दुसरी घ्यायचे. रात्री खाटेवर कूस बदलल्याचा करकर आवाज. आई वैतागली. "पायाले भिंगरी बांधली काय यायनं? सत्कार होऊन राह्यला का फाशी?"

"कमळा, तुले नाई समजत."

"मंग समजावून सांगा ना. चाळीस वर्षं झाले, एकदा तरी सांगा."

बाबांनी उठून खुंटीवरचा, वाळल्या भोपळ्याचा तुंबा काढला, पुसला आणि परत टांगला. तो तुंबा चैतूचा. चैतू कुमरे हा गोंड, डोंगराच्या माळावरच्या गुड्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत राहणारा. बासष्ट साली साहेबांनी पाणी वाहायला त्याला बाबांच्या जोडीला दिलं होतं. त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की चैतू तुंबाभर मध घेऊन उतरायचा. आई बदल्यात तांदूळ द्यायची, तर तो ओट्यावरच ठेवून जायचा. "काऊन देते हा एवढा मध?" असं आई विचारायची, आणि बाबा म्हणायचे, "दोस्त हाय." दोन वर्षांपूर्वी चैतू गेला. शेवटचा तुंबा खुंटीवर रिकामा राहिला.

शनिवारी संध्याकाळी मंडळी एसटीने आली आणि शाळेत उतरली. पाच पुरुष, दोन बाया, पाठीवर पिशव्या, पायात जाडजूड बूट. श्रीहरी पस्तिशीचे, बडबडे, मोठे उत्साही. भिंतीवरचं नाव पाहून त्यांनी त्याचा फोटो काढला. बाबा तिकडे पाठ करून उभे होते.

पहाटे निघालो. बाबांनी मंडळींची प्लास्टिकची बाटली नाकारून चैतूचा तुंबा भरून घेतला. नाला ओलांडला की साग लागतो. परातीएवढी पानं पडलेली, पाय टाकला की सगळ्या जंगलाला वर्दी. मग उभी चढण आणि बांबूचं बन. झिऱ्यावर थांबलो. कपारीतून करंगळीएवढी धार येत होती, दात शिवशिवतील इतकी थंड. श्रीहरी म्हणाले, "काका, असं पाणी आणि तुम्ही इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"इचारलं कोनं?" बाबा म्हणाले आणि लगेच पुढे निघाले.

साठीचा माणूस, गुडघे दुखणारा, पण आम्हाला धाप लागली तरी ते थांबेनात. कड्याच्या पोटाशी आग्या मोहोळं लोंबत होती. तिथे त्यांनी बिडी विझवायला लावली आणि सगळ्यांना मुकाट्याने चालायला सांगितलं. कडा ओलांडला आणि डोळ्यांसमोरचं सगळं मोकळं झालं. उत्तरेला धुक्याच्या वर चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या, त्यांच्या अलीकडे वर्धा नदीचा पांढरा पट्टा. दक्षिणेला आंध्राचं सपाट रान, आभाळापर्यंत. मंडळातली एक बाई नुसतं "बाप रे!" म्हणत राहिली. तीस वर्षं या डोंगराच्या सावलीत राहून मी हे पाहिलं नव्हतं, आणि पेपरात मात्र लिहून मोकळी झाले होते. माझी मलाच लाज वाटली.

माथ्यावर एका खडकात वर्तुळ आणि मधे टिंब कोरलेलं होतं. हीच ती मोजणीची खूण. श्रीहरींनी नकाशा काढला, घड्याळासारखं उंची दाखवणारं यंत्र काढलं, त्याचा काटा १८४२ वर लावला. मग पिशवीतून शाल आणि नारळ काढला.

"लटारूभाऊ, या इथे, या खुणेवर उभे राहा."

बाबा उभे राहिले नाहीत. ते दक्षिणेकडे पाहत होते. तिकडचं धुकं फाटत चाललं होतं, आणि धुक्यामागून, बांबूने भरलेल्या खोलगट खिंडीपलीकडे, दुसरं एक डोकं वर आलं. गोल, उघडं, काळं.

श्रीहरींचा शालवाला हात खाली आला. "काका, ते मागचं जास्त उंच वाटतं का हो?"

"छे," मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं, पण गप्प बसेन तर मी कसली. "नजरेचा खेळ असतो तो. धुक्यातलं नेहमीच उंच दिसतं."

"इंदू, चूप राय," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "उंच हाय. खरं टोक थे हाय. हे नोहोय."

बाबा खुणेच्या खडकाशेजारी खाली बसले. बसल्यावर मात्र धडाधड बोलले, जणू महिनाभर तोंडात धरून ठेवलेलं होतं.

"साहेब म्हने, सगळ्यात वरच्या टोकावर जा अन आरसा दाखव. नोकरीले तीनच महिने झालते मले. मी अन चैतू इथवर आलो. मी म्हनलं, चाल पलीकडं. चैतू माह्या पाया पडला. म्हने, लटारू, थे देवाचं डोस्कं हाय. आमी कोनी त्याच्यावर पाय ठेवत नाई. तू काठी रोवशीन, निशान लावशीन, अन गुड्याले समजलं का मी तुले आनलं, त मले गुड्यात राहू देनार नाई. मी म्हनलं, आमी देव सोडले, बाप्पा. तो म्हने, तुमी सोडले, आमी नाई सोडले. साहेबाची येळ होऊन राह्यली होती. मी इथीच काठी गाडली. इथूनच ऊन फेकलं. मांगच्या डोस्क्यावर आजच्यासारखंच धुकं होतं, साहेबाच्या दुर्बिनीतून थे दिसतच नोतं. साहेबानं शाबासकी देली."

"आणि नंतर सांगितलं नाही?" श्रीहरींनी विचारलं.

"कोन्या तोंडानं सांगू? पयले नोकरीचं भेव. मंग लोक म्हनाले लागले लटारूचा आकडा, लटारूचा आकडा. मंग या पोरीनं भिंतीवर लिवलं."

मला तुंब्याचा उलगडा तेव्हा झाला. बावीस वर्षं मध कशापायी येत होता ते कळलं, आणि 'अवश्य या' लिहिणारा माझा हात तोडून टाकावासा वाटला.

श्रीहरींना मात्र वेगळंच स्फुरण चढलं. "म्हणजे चोवीस वर्षं नकाशा चुकतोय! आणि ती चूक आपण पकडली! चला, खऱ्या टोकावर मंडळाचा झेंडा लावू, फोटो काढू. पेपरात पहिल्या पानावर येईल!" त्यांनी पिशवीतून पिवळा झेंडा काढला आणि मंडळी खिंडीत उतरायला लागली.

बाबा उठले. कसे उठले आणि कसे धावले ते मला आजही सांगता येत नाही. बांबूतून आडवे घुसले, आणि आम्ही खिंड चढून पलीकडे पोचलो तेव्हा ते आमच्या आधी तिथे होते. समोर एकच अखंड गुळगुळीत खडक, दोन झोपड्यांएवढा. पायथ्याशी मातीचे चार घोडे, एकाचा कान तुटलेला. बाबांनी जोडे काढून बाजूला ठेवले होते आणि खडकाला पाठ लावून ते उभे होते. छाती भात्यासारखी चालली होती.

"बाबा, जोडे काऊन काढले? तुमी देव मानाले लागले का?" माझ्या तोंडून गेलंच.

"देव नाई मानत. चैतूले मानतो."

श्रीहरी पुढे आले. "काका, भावना समजतात हो. पण चूक दुरुस्त नको का करायला? वर गेल्याशिवाय उंची कशी कळणार?"

"विहीर मोजाले कोनी तळाशी जाऊन झोपते काय?" बाबा म्हणाले. "पुरसानं मोजते ना? मानूस हात वर करून उभा राह्यला का एक पुरस. तुमचं यंत्र इथी ठेवा, डोस्क्याच्या बुडाशी. वरची उंची मी देतो. तुमी मांगं जा, त्या दगडावर, डोये लावून पाहा. माह्या काठीचं टोक डोस्क्याच्या बरोबरीले आलं का आवाज द्या."

"हे तेव्हाच का नाही केलंत?"

"तवा सुचलं नाई. साहेबाले आरसा पायजे होता. अन तवा मी भेकड होतो." ते थांबले. मग म्हणाले, "बोकारे भाऊ, तुमाले पेपरात छापाचं हाय ना? छापा. लटारू अलोने खलाशानं चूक केली, नकाशाले बुडवलं, असं माहं नाव घालून छापा. मी सही देतो. पन डोस्क्यावर जाऊ नोका. अन कोनीच जाऊ नोका, असंई छापा. इतकंच मांगतो."

ज्या नावासाठी मी हेडमास्तरांशी भांडले, ते नाव हा माणूस दगडापायी उधळून टाकत होता. मला राग आला. म्हटलं, आता बोलायचं, चांगलं खडसावायचं. पण त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. बांबूच्या काट्यांनी पोटऱ्या ओरबाडून रक्त घोट्यांपर्यंत ओघळलं होतं, आणि खडसावायचं राहून गेलं.

श्रीहरी झेंड्याच्या काठीशी चाळा करत होते. त्यांच्या मंडळातली ती बाई पुढे झाली, तिने आपल्या पायातले बूट काढले आणि यंत्र खडकाच्या बुडाशी नेऊन ठेवलं. काटा १८९३ वर थांबला. श्रीहरींनी झेंडा गुंडाळून पिशवीत घातला आणि मागच्या दगडावर जाऊन बसले.

बाबा खडकाला पाठ लावून ताठ उभे राहिले. उजवा हात वर केला, हातात काठी. ते ऊन फेकायला उभे राहत असत तेव्हा असेच दिसत असतील. साठीचा हात, पण काठी तसूभर हलली नाही.

"थोडी वर. अजून. बस!" श्रीहरी ओरडले. "टोकाला टोक!"

मी मंडळाच्या टेपने मोजलं, जमिनीपासून काठीच्या टोकापर्यंत. तेरा फूट. बेरीज शाळेतल्या सगळ्यात ढ मुलालाही आली असती. एकोणीसशे सहा.

बाबा खाली बसले, तुंब्यातलं पाणी प्यायले आणि उरलेलं श्रीहरींना दिलं. शाल पुन्हा निघाली तेव्हा त्यांनी हात जोडले. "आता कायची शाल, भाऊ? तुमीच घ्या, आंगावर थंडी हाय."

तीन आठवड्यांनी पेपर आला. मथळा होता : 'खलाशाच्या चुकीमुळे डोंगर चोवीस वर्षे चौसष्ट फुटांनी बुटका.' खाली नाव, गाव, सगळं. आईने तो पेपर चुलीत घालायला घेतला होता, मी हातातून ओढला. चहाच्या टपरीवर लोकांना विषयच मिळाला. "काय लटारूभाऊ, चौसष्ट फूट कुठी ठेवले? बाजारात इकले काय?" बाबा हसायचे. माझं मात्र डोकं फिरायचं. दोघांना तर मी रस्त्यात उभं करून झाडलं.

"पुरा वाच," बाबा मला म्हणाले होते. मी मथळ्यावरच अडकले होते. बातमीच्या शेवटी दोन ओळी होत्या : माथ्यावरचा अखंड खडक स्थानिक गोंड लोकांना पूज्य आहे, भ्रमंती करणाऱ्यांनी त्याच्या पायथ्याशीच थांबावे, अशी श्री. अलोणे यांची विनंती आहे.

"अजून एकदा वाच."

मी वाचलं.

"खाली छापलं ना? वाचतीन लोक?"

"वाचतीन, बाबा."

त्या दिवशी ते ताटावरून पोटभर जेवूनच उठले. दुपारी खाटेवर पडले ते दिवेलागणीपर्यंत झोपले. आई दोनदा जाऊन श्वास पाहून आली.

भिंतीचं काय करायचं, ते हेडमास्तरांनी मला सांगायची गरज पडली नाही. सोमवारी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा बाबा तिथे होते, चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन. जन्मभर त्यांनी मोजणीच्या दगडांना चुना लावला होता, हात सफाईचा. १८४२ गेलं. मग कुंचा खालच्या ओळीवर आला.

"नाव राहू द्या, बाबा," मी म्हटलं. पोरं पाहत होती. "आज्याचं नाव हाय त्याच्यात."

"आकडाच राह्यला नाई, त नाव कायले ठेवू, पोरी?" त्यांनी कुंचा फिरवला. ओळ चुन्याखाली हळूहळू गेली. 'गोविंदा' सगळ्यात शेवटी दिसेनासं झालं. चुना वाळेपर्यंत ते ओट्यावर बसले. त्याच ओट्यावर. मग काळ्या रंगाने एक एक आकडा स्वतः काढला : १९०६ फूट.

दोन पावलं मागे सरून त्यांनी आधी भिंत पाहिली, मग शाळेच्या कौलांवरून डोंगर. तिथून एकच डोकं दिसत होतं, पुढचं, चपटं.

"मांगचं इथून दिसत नाई," ते म्हणाले.

"नाई दिसत."

"बरं हाय."

त्यांनी कुंचा हापशाखाली नीट धुतला, बादली उपडी घातली आणि घराकडे चालायला लागले, सावकाश.